लावायला फंड, जगवायला ‘हेड’ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात लोकसहभागातून वृक्षलागवडीसाठी वाढीव निधी मिळाल्याची बातमी वाचली. आनंद झाला असता, पण तेवढ्यात सोबतचा फोटो दिसला. रोप एक, माणसं अकरा, त्यातल्या सहा जणांचा हात झारीला. रोप कशाचं आहे हे बातमीत कुठेच नाही. उपस्थितांची नावं मात्र साडेचार ओळी.

निधी लागवडीला असतो हो, पाण्याला नसतो. ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या मैदानाच्या कडेनं चाळीस रोपं लागली. तेव्हाही असाच फोटो निघाला होता. गाड्या गेल्यावर आम्ही सकाळी फिरणारे चार-पाच जण जवळ जाऊन बघतो, तर अकरा रोपं काळ्या पिशवीसकट पुरलेली. पिशवीत मुळं गोल गोल फिरत बसतात आणि झाड गुदमरतं, हे आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्यालाही ठाऊक होतं. ती उकरून, पिशव्या ब्लेडनं फाडून पुन्हा लावली. पहिला उन्हाळा पाच लिटरच्या कॅनवर काढला. एकाची कंबर त्यात गेली ती गेलीच.

दुसऱ्या उन्हाळ्याआधी मात्र रोपं लावणाऱ्या कार्यालयाकडे रीतसर अर्ज केला. मार्च ते जून आठवड्याला दोन टँकर आणि एका माणसाची मजुरी, एवढंच मागणं. दीड महिन्यानं उत्तर आलं : ‘देखभालीकरिता लेखाशीर्ष उपलब्ध नाही.’ लेखाशीर्ष, म्हणजे बोलीत ‘हेड’ : सरकारी हिशेबातला त्या खर्चाचा रकाना. समक्ष गेलो. टेबलावरच्या बाई चांगल्या बोलल्या, बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, ‘काका, जुन्या झाडांचं काय धरून बसलात? नवीन चाळीस घेऊन जा ना. नवीनला फंड आहे, देखभालीला हेडच नाही.’ लावू कुठे, विचारलं. ‘त्याच खड्ड्यांत.’

त्यांना दोष देत नाही. हेड त्यांनी नाही बनवलं.

चाळीसातली तेवीस जगली. त्यातला एक करंज अंगठ्याएवढा होता तो मनगटाएवढा झाला, आणि भोवतीच्या पिंजऱ्याची वरची कडी त्याच्या सालीत रुतायला लागली. पिंजऱ्यावर देणगीदार कंपनीची पाटी होती, रोपापेक्षा मोठी. साल कडीच्या वर आणि खाली फुगली होती, मध्ये खोल काळपट खाच, आणि खाचेतून डिंक येत होता. पिंजरा काढायला विचारलं तर कळलं, ती कार्यालयाची मालमत्ता आहे, काढायला परवानगी हवी. अर्ज दिला. पावसाळा संपला तरी परवानगी आली नाही. शेवटी एका पहाटे लोखंड कापायची करवत नेली आणि कडी कापली. म्हणजे सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं, हे मी आपल्या वर्तमानपत्रातून कबूल करतो. करंज उत्तम आहे.

आता आकड्यांचं. २०१६ साली राज्यात दोन कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं, मग चार, मग तेरा, आणि २०१९ साली तेहतीस कोटी. पुढे २०२१ मध्ये त्याच मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर झाली. मी कोणत्या पक्षाचा नाही. दोन्ही बातम्या आपल्याच अंकात वाचल्या. लागलेली झाडं मोजायला एक दिवस पुरतो, जगलेली मोजायला दर उन्हाळ्यानंतर जावं लागतं. केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या चळवळीत रोप जगलं की बायकांना थोडे पैसे मिळत. लावलं म्हणून नव्हे, जगलं म्हणून. एवढी साधी गोष्ट आमच्या लेखाशीर्षात बसत नाही?

बरं, पैसा नाही म्हणावं तर मालमत्ता कराच्या बिलात ‘वृक्ष कर’ अशी वेगळी ओळ दरवर्षी येते आणि मी ती दरवर्षी भरतो. नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं तर तोडलेल्या झाडाच्या बदल्यात लावलेली रोपं सात वर्षं सांभाळण्याची अट आली. म्हणजे सात वर्षं लागतात हे सरकारलाही मान्य आहे. मग मैदानावरच्या रोपानं एका पावसाळ्यात स्वतःच्या पायावर उभं राहावं, ही अपेक्षा कुणाची? वाढीव निधीतला काही हिस्सा टँकरला आणि मजुरीला राखून ठेवणार का, एवढं आपल्या बातमीदारानं विचारून छापावं. उपस्थितांची नावं दोन ओळींत बसवली तर जागा होईल.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. : मैदानाच्या फाटकाजवळच्या मोठ्या कडुनिंबावर आपल्याच वर्तमानपत्राच्या वर्गणी योजनेची पाटी तीन खिळ्यांनी ठोकलेली आहे. योजना कधीच संपली. पक्कड माझ्याकडे आहे. परवानगीचा अर्ज या वेळी आपल्याकडे करायचा की त्यांच्याकडे, ते कळवावे.