'गारूड' शब्दाच्या पोटातला साप

महोदय,

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरील खेळांनी बालगोपाळांवर 'गारूड केले' असे आपण सहज म्हणतो; मात्र या शब्दाच्या पोटात साप आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. संस्कृतात 'गारुड' म्हणजे गरुडासंबंधीचे, आणि गरुड सापांचा वैरी असल्याने विष उतरवण्याच्या मंत्रविद्येला तेच नाव पडले. ती जाणणारा तो गारुडी. पुढे हाच गारुडी पुंगी, टोपली आणि हातचलाखी घेऊन चव्हाट्यावर खेळ करू लागला, तसा शब्दाचा अर्थही उपचाराकडून भुलवण्याकडे सरकला, आणि आज सुरांचे गारूड म्हणताना आपल्याला निखळ आनंदच अभिप्रेत असतो. फारसीतून आलेल्या 'जादू'मागे हा गरुड नाही. सोलापुरात तर तेलुगू भाषक 'गारडी' आणि कन्नड भाषक 'गारुडिग' म्हणतात, म्हणजे शेजाऱ्याला हा शब्द समजावून सांगण्याची गरजच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पुंगीवाले गेले, शब्द मात्र राहिला. मराठीत तो 'गारूड' असा दीर्घ आणि 'गारुडाचा' असा ऱ्हस्व लिहितात, एवढे मथळे लावताना पाहावे, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर