आल्तुस म्हणजे उंच, पण विहीरसुद्धा आल्तुसच

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर ऑलिम्पिकच्या लॅटिन ब्रीदवाक्याची चौकट आली होती, 'सिटियस, आल्टियस, फॉर्टियस', आणि खाली बारीक अक्षरात तिन्हीचे अर्थ, त्यात आल्टियस हा 'आल्टस म्हणजे उंच' यावरून आलाय असं दिलं होतं. चूक काही नाही हो त्यात. पण झालं काय, ती चौकट कुणीतरी आमच्या नातवाच्या शाळेतल्या क्विझमध्ये वापरली, प्रश्न आला आल्टसचा अर्थ काय, आणि आमच्या पठ्ठ्याने उत्तर लिहिलं 'खोल'. शून्य मार्क. वर वर्गात हशा, की अरे तुला उंच आणि खोल यातला फरक पण कळत नाही का. पोरगं घरी येऊन माझ्यावरच उखडलं, कारण 'खोल' हे त्याला मीच शिकवलं होतं.

मी काही लॅटिनचा प्रोफेसर नाही. वसईचा माणूस, बँकेत नोकरी केली, रिटायर झालो. पण लहानपणी चर्चमध्ये वेदीवर सेवा करायचो, व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ झाली आणि त्यानंतर हळूहळू मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना, मराठीत आली, त्याच्या आधीचे दिवस हे. तेव्हा सगळं लॅटिनमध्येच चालायचं आणि आम्ही पोरं अर्थ न कळता पोपटासारखं म्हणायचो. त्यातल्या ग्लोरिया या स्तोत्रात एक ओळ आहे, 'तू सोलुस आल्तिस्सिमुस', म्हणजे तूच एकटा सर्वांत उंच, सर्वोच्च. (आम्ही चर्चवाले आल्तुस म्हणतो, मी तसंच लिहिणार, तुमचं ते आल्टस इंग्रजीच्या वाटेने आलंय.) तर माझ्याही डोक्यात आल्तुस म्हणजे उंच हेच पक्कं बसलं होतं. मग एका म्हाताऱ्या फादरांनी एक दिवस विचारलं, योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात ती शोमरोनी बाई विहिरीवर येशूला काय म्हणते माहितीय का? म्हणते, महाराज, तुमच्याकडे पाणी काढायला काही नाही आणि 'पुतेउस आल्तुस एस्त'. पुतेउस म्हणजे विहीर. आता सांग, विहीर उंच आहे का रे?

मी गप्प. तेव्हापासून हा शब्द काही माझ्या डोक्यातून गेला नाही बघा.

आणि ते एकच उदाहरण नाहीये. बायबलचं जुनं लॅटिन भाषांतर, वुल्गाता म्हणतात ते, त्यातलं लूकचं शुभवर्तमान घ्या. दुसऱ्या अध्यायात देवदूत गातात 'ग्लोरिया इन आल्तिस्सिमिस देओ', वर स्वर्गात देवाचा गौरव. तीन अध्याय पुढे गेलं की येशू पेत्राला होडीत बसून सांगतो 'दुक इन आल्तुम', खोल पाण्यात घे आणि जाळी टाक. एकच पुस्तक, एकच शब्द, एकदा आभाळ आणि एकदा समुद्राचा तळ! आमच्या पाचूबंदरच्या कोळ्यांना हे कुणी सांगायची गरज नाही, ते रोजच आल्तुममध्ये जातात. इंग्रजीवाले त्यालाच 'हाय सीज' म्हणतात, पोर्तुगीजमध्ये 'आल्तु मार', शब्दशः उंच समुद्र, आणि आपण म्हणतो खोल समुद्र. पाणी तेच.

मग रोमन लोकांना उंच-खोल कळत नव्हतं का? कळत होतं की. फक्त खोल म्हणायचं तर 'प्रोफुंदुस' होता, फक्त उंच म्हणायचं तर 'एक्सेल्सुस' होता. आल्तुसची गोष्ट वेगळी आहे, तो वर का खाली हे सांगतच नाही, तो सांगतो उभं अंतर किती आहे ते. भिंत असेल तर तुम्ही पायथ्याशी उभे असता म्हणून ती उंच. नदी असेल तर काठावर उभे असता म्हणून ती खोल. कोण कुठे उभं आहे ते पुढचं नाम ठरवतं. सीझरने इसवी सनपूर्व ५५ मध्ये ऱ्हाइन नदीवर पूल बांधला, त्याच्या वर्णनात तो अडचणी सांगतो की नदीची रुंदी, तिचा वेग आणि तिची 'आल्तितूदो'. ही आल्तितूदो म्हणजेच आजचं अल्टिट्यूड, जे पायलट विमानात अनाउन्स करतो की आपण पस्तीस हजार फुटांवर आहोत, आणि सीझर तोच शब्द नदीच्या खोलीला वापरतोय.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही, कारण आपण पण हेच करतो. जुनी माणसं विहीर किती खोल हे कशात सांगतात? चार पुरुष, पाच पुरुष. म्हणजे उभ्या माणसाची उंची घेतली आणि ती खाली सोडली. पुरुषभर पाणी म्हणतो तेव्हा आपण उंचीनेच खोली मोजत असतो. रोमन माणसाने एवढंच केलं, त्याने मापाबरोबर शब्द पण एकच ठेवला.

आता याचं मूळ, हे मला सगळ्यात आवडतं. 'आलेरे' म्हणजे खायला घालणं, पोसणं, आणि आल्तुस हे मुळात त्याचंच रूप, म्हणजे पोसलेला, पोसून वाढलेला, म्हणून मग उंच. हे मराठी माणसाला जेवढं पटेल तेवढं इंग्रजाला पटायचं नाही, कारण आपल्याकडे पोर पण वाढतं आणि पानात भात पण वाढतात, एकच क्रियापद! आई वाढते म्हणून पोर वाढतं. त्याच आलेरेमधून 'आलुम्नुस' आला, पोसलेलं मूल, ज्यावरून आपण आता कॉलेजच्या अ‍ॅल्युम्नाय मीटला जाऊन जेवून येतो, ते ठीकच आहे. कोर्टातली 'अ‍ॅलिमनी' पण तिथलीच, आणि तिला मराठीत ज्याने कुणी 'पोटगी' म्हटलं त्याला लॅटिन येत असेल नसेल पण नेमका पोटावर बोट ठेवलाय. अ‍ॅडल्ट म्हणजे वाढून झालेला, तोही त्याच घरातला. जर्मन 'आल्ट' आणि इंग्रजी 'ओल्ड' हे लांबचे भाऊबंद, तिकडे वाढलेला म्हणजे उंच न होता म्हातारा झाला. मी दोन्ही झालोय, उंची मात्र आता कमी व्हायला लागलीय.

ग्रामरचं थोडं सांगतो, थोडंच. इंग्रजीत टॉल म्हणजे टॉल, पुल्लिंग स्त्रीलिंग काही नाही. लॅटिनमध्ये आल्तुस, आल्ता, आल्तुम, अगदी आपल्या मोठा, मोठी, मोठं सारखं, तीन लिंगं. विहीर तिकडे पुल्लिंगी म्हणून पुतेउस आल्तुस, झाड स्त्रीलिंगी म्हणून आर्बोर आल्ता, नदीचा 'फ्लुमेन' नपुंसकलिंगी म्हणून फ्लुमेन आल्तुम. मराठी पोराला हे दोन मिनिटांत कळतं, कॉन्व्हेंटवाल्याला आठवडा लागतो (माझा नातू कॉन्व्हेंटवालाच आहे, त्याने हे वाचलं तर परत उखडेल). आणि येशूच्या त्या वाक्यात नुसतं 'आल्तुम' आहे, समुद्र हा शब्दच नाही, विशेषणच नाम होऊन बसलंय. आपल्याकडे पण जेवणात 'गोड काय आहे' म्हटलं की पुढे पदार्थ म्हणावं लागत नाही, डब्यातलं तिखट म्हणजे मिरचीपूडच, आणि गावाकडे काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. तसंच हे.

खरी गंमत मनाच्या बाबतीत आहे. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात सुरुवातीलाच जुनो देवीचा राग सांगितलाय, सौंदर्याच्या निवाड्यात ट्रॉयच्या पॅरिस नावाच्या राजपुत्राने तिला डावललं ते ती विसरलेली नाही, ते तिच्या 'आल्ता मेन्ते', मनात ठेवलेलं आहे. आता तुमच्या चौकटीतला अर्थ धरून याचं भाषांतर करा बघू. 'उंच मनात'! म्हणजे देवी एकदम उदार मनाची होऊन जाईल आणि पुढचं अख्खं काव्यच कोसळेल, कारण तिच्या त्या आकसापायी तर ट्रॉयची माणसं समुद्रात भटकतायत. खोल मनात असंच पाहिजे तिथे, काट्यासारखं खोल रुतलेलं. झोपेला पण आल्तुस लावतात, तेव्हा गाढ झोप. शांततेला लावलं की गाढ शांतता. आणि कूळ असेल तर परत उलटं, तिथे उच्च कूळ. कोणत्या शब्दाशेजारी बसलाय ते बघायचं आणि मग ठरवायचं, नुसता सुटा विचारला तर प्रश्नच अर्धा आहे.

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये आमची मिसेस तीस वर्षं आल्टो गाते. बायकांमधला खालचा आवाज. मग खालच्या आवाजाला 'उंच' नाव कसं? तर जुन्या काळी चर्चमध्ये पुरुषच गायचे, मुख्य चाल टेनर धरायचा आणि त्याच्यावर जो आवाज असायचा तो कॉन्ट्राटेनर आल्तुस, पुरुषांमध्ये तो उंचच होता. पुढे तो भाग बायकांकडे आला, नाव तेच राहिलं, आणि बायकांमध्ये तो खालचा ठरला. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मग मी उंच गाते का खोल गाते ते एकदाचं ठरवा आणि चहा घ्या.

गोव्याला गेलात तर पणजीत टेकडीवर आल्तिनो आहे, पोर्तुगीजमध्ये 'आल्तु' ला लाडाचा प्रत्यय लावून छोटी उंच जागा, छोटी टेकडी. बिशपचा राजवाडा तिथे, जुनं लायसियम म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळची शाळा तिथे. पलीकडे मांडवी ओलांडली की आल्तो पर्वरी, वरची पर्वरी. पोर्तुगीजमध्ये रोजच्या बोलण्यात आल्तु म्हणजे उंचच, खोल फक्त त्या समुद्रापुरतं शिल्लक राहिलं, त्यामुळे गोव्यातल्या कुणी 'उंच' लिहिलं तर मी काही बोलणार नाही. वसईतही पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, पण आमच्याकडे असं नाव राहिलं नाही, आमची जमीनच सपाट. आणि एक सांगून ठेवतो कारण क्विझवाले उद्या तेही विचारतील, कीबोर्डवरच्या आल्ट बटनाचा याच्याशी काही संबंध नाही, ते ऑल्टरनेटचं आहे, आणि तो 'आल्तेर' म्हणजे दुसरा, वेगळाच शब्द. आम्ही ज्या ऑल्टरवर, म्हणजे वेदीवर, सेवा करायचो त्याबद्दल दोन मतं आहेत, कुणी म्हणतं आल्तुसवरून, उंच जागा म्हणून, कुणी म्हणतं जाळणे या अर्थाच्या शब्दावरून. माझ्या गुडघ्यांना विचाराल तर उंच.

आता ब्रीदवाक्याकडे परत. हेन्री दिदों नावाच्या डॉमिनिकन फादरांकडून ते आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या पिएर द कुबेर्तँ यांनी घेतलं आणि १८९४ मध्ये ऑलिम्पिकसाठी सुचवलं. २०२१ ला टोकियोच्या वेळी त्यात 'कोम्युनितेर' म्हणजे एकत्र, मिळून हा चौथा शब्द जोडला, तो तुमच्या चौकटीत राहिलाय, बघून घ्या. आणि आल्टियस म्हणजे नुसतं 'उंच' नाही, 'अधिक उंच', तुलनेचं रूप आहे ते, तिन्ही तशीच आहेत. ऑलिम्पिकमध्ये उंचच घ्यायचं हे उघड आहे, तिथे मी वाद घालत नाही. पण व्याकरणाने आल्टियसचा अर्थ 'अधिक खोल' पण होतो, आणि दहा मीटरच्या फळीवरून पाण्यात सूर मारणारे खेळाडू बघितले की वाटतं त्यांना दोन्ही अर्थ लागू आहेत.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर एक ओळ छापा, 'आल्टस म्हणजे उंच किंवा खोल, संदर्भाप्रमाणे'. शाळेत भांडायला मी गेलो नाही आणि जाणारही नाही, नातवाने तशी शपथच घातलीय, पण पेपरात छापून आलं तर तो ते कात्रण वर्गात नेणार आहे असं त्याने परवा हळूच सांगितलं. पत्र लांबलंय हे मला कळतंय. कापायचं तर व्हर्जिल कापा, क्वायर कापा, माझे गुडघे पण कापा, ती विहीर तेवढी ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, वसई