स्थलांतर आता बारमाही आहे, साहेब

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

नवापूरचं रेल्वे स्थानक आपण पाहिलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. लोक हौसेनं सीमारेषेवरच्या बाकड्यावर फोटो काढतात. त्याच फलाटावर गाठोडी घेऊन सुरतेच्या गाडीची वाट बघणारी आमची माणसं फोटोत येत नाहीत आणि सरकारी वहीतही येत नाहीत.

मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षक आहे. मला स्थलांतर कळतं ते हजेरीपटावरून. पूर्वी दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बारडोलीकडे ऊसतोडीला जायची आणि होळीच्या आगेमागे परतायची. तेवढे चार-पाच महिने गैरहजेरीचे. आता पहिल्या पावसालाच अख्खी कुटुंबं सौराष्ट्रात भागानं शेती करायला जातात, कपाशी-भुईमुगाच्या रानात वर्ष काढतात. तरणी पोरं फोनवर निरोप आला की एकेकटी सुरतेला बांधकामावर निघतात. ना मुकादम, ना उचल. उचल सुटली हे बरंच झालं. पण मुकादमाच्या वहीत निदान नाव तरी असायचं!

शासन अजून ऊसतोडीच्या कोयत्याच्याच हिशोबानं चालतं. हंगामी वसतिगृह सहा महिन्यांचं; जूनमध्ये गेलेल्या मुलीला त्याचा काय उपयोग? जिथे जातील तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड मी स्वतः भरून देतो. चौथीतल्या एकीनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं आणि वर्षानं घडीही न मोडता परत आणलं. तिकडची शाळा गुजराती. हिची घरची बोली पावरी, मराठी आत्ता कुठे जिभेवर बसत होती.

कायद्याचंही तेच. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा कंत्राटदारानं नेलेल्या मजुरापुरता होता. त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेत आपणहून गेलेलाही धरला आहे, पण आस्थापनेत असे किमान दहा मजूर हवेत. शेतातल्या खोपटात राहणारं एकटं कुटुंब त्यात कुठून बसणार? आमच्या एका पालकाचा वर्षअखेरचा भाग खता-औषधाच्या नावाखाली निम्म्यावर आला. इकडे विचारलं तर 'तिकडे जा' म्हणाले. तिकडे भाषा आडवी आली.

वसतिगृह बारमाही करा. गुजरात सरकारशी बोलून, मजुरीच्या आणि भागाच्या तक्रारी आमच्या तालुक्यालाच नोंदवता येतील असं काही करा. आणि कोण कुठे गेलंय याची नोंद घ्यायचीच असेल तर दिवाळीनंतर माणसं पाठवू नका, तेव्हा निम्म्या घरांना कुलूप असतं. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात टेबल टाका. काठी गावच्या होळीला तर लांब गेलेलेही मजुरी बुडवून येतात. टेबलाशी पावरी बोलणारा एक माणूस मात्र बसवा. फॉर्म मराठीत असला तरी चालेल, भरायला आम्ही शिक्षक आहोतच.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
ता. धडगाव, जि. नंदुरबार