सुंतेच्या शस्त्रक्रियेविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आले. दीड पानभर इकडचे तिकडचे लिहून शेवटी ता. क. म्हणून 'डॉक्टर सुंता करून घ्या म्हणतात' एवढीच ओळ तू घातली आहेस, आणि पत्र लिहायला बसलास तो त्या ओळीसाठीच, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी माझे जे ऑपरेशन झाले ते मूळव्याधीचे, असे मी तुला सांगितले होते. ते खोटे होते. माझीही सुंताच झाली होती, वयाच्या ४३व्या वर्षी. लाज झाकायला मूळव्याधीचा आडोसा घ्यावा लागावा, यावरून ती लाज केवढी असेल याची कल्पना कर. ती तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून आज सगळे लिहितो.

तुझ्यासारखीच माझीही पुढची कातडी आवळत गेली होती, डॉक्टर ज्याला फायमोसिस म्हणतात ते. आपल्यासारख्या मधुमेह्यांना हा त्रास विशेष होतो, कारण लघवीतली साखर कातडीखाली राहते, तिच्यावर बुरशी वाढते, कातडीला बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरा भरताना जो व्रण धरतो त्याने तोंड आणखी अरुंद होते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्यांमुळेही बुरशीचा त्रास वाढतो, तेव्हा तुझ्या सगळ्या गोळ्यांची यादी सर्जनला दाखव. रक्त पातळ करणारी गोळी त्या यादीत असेल तर तीही सांग, मात्र स्वतःच्या मनाने ती बंद करू नकोस. स्टेरॉइडचे मलम तू दोन महिने नेमाने लावलेस आणि उपयोग झाला नाही, म्हणून पुन्हा मलमाचे नाव मी घेत नाही. पण कातडी काढून न टाकता ती नुसती सैल करण्याचीही एक शस्त्रक्रिया असते, ती तुझ्या बाबतीत का नको, हे अवश्य विचार. मला सर्जनने सांगितले की कातडीच्या टोकाला पांढरट, कडक पट्टा आला आहे, त्यामुळे नुसती सैल करून भागणार नाही. काढलेली कातडी त्यांनी तपासणीलाही पाठवली. तुझी पाठवणार का, तेही विचारून ठेव. साखर आटोक्यात येईपर्यंत त्यांनी तारीख पुढे ढकलली तर चिडू नकोस. वाढलेल्या साखरेत जखम भरायला वेळ लागतो.

शस्त्रक्रियेविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. अर्धा-पाऊण तास लागतो आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. कुणाला पूर्ण भूल देतात, कुणाला कमरेत; मला तेवढ्या जागेपुरती दिली होती. मुळाशी सुया टोचल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करतो. त्यानंतर मात्र ओढल्यासारखे वाटण्यापलीकडे काही जाणवले नाही, आणि हिरव्या कापडापलीकडून सर्जन सिस्टरकडे दोरा मागताहेत हे मी परक्याचे बोलणे ऐकावे तसे ऐकत होतो. जाताना सैल पायजमा घालून जा. मी जीन्स घालून गेलो होतो. येताना ती पिशवीत होती.

खरा कस लागतो तो रात्री. झोपेत पुरुषाला तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. एरवी ती आपल्या ध्यानीमनीही नसते, पण ताज्या टाक्यांवर ताण पडला की माणूस खाडकन जागा होतो. हे मला आधी कोणीच सांगितले नव्हते. पहिल्या रात्री तीन वाजता टाके उसवले अशा समजुतीने मी न्हाणीघराच्या गार फरशीवर उभा राहून एकोणिसाचा पाढा म्हणत होतो. टाके अर्थातच शाबूत होते. झोपण्यापूर्वी लघवी करून घ्यावी, निजताना वेदनाशामक गोळी घेता येईल का हे आधीच विचारून ठेवावे, आणि जाग आलीच तर उठून चार पावले चालावे. आठवड्याभरात हा जाच बराच कमी होतो, तोवर दिवसा डुलकी काढायला संकोचू नकोस.

दुसरा धक्का ड्रेसिंग सुटते तेव्हाचा. माझे दुसऱ्या दिवशी काढायला सांगितले होते. ते चिकटलेले असते, कोमट पाण्याने भिजवून हळूहळू सोडवावे लागते. आतून जे दिसले ते पाहून मी मटकन खाली बसलो. रंग जांभळा, टाक्यांच्या रेषेखाली सुजेचे जाड कडे, आणि त्यातून दाढीच्या खुंटांसारखी वर आलेली दोऱ्याची टोके. ही सूज पहिले काही दिवस वाढते, मग ओसरू लागते. अंगालगत बसणारी चड्डी घालून शिश्न वरच्या दिशेला ठेवले तर ती लवकर उतरते. पुढे जखमेवर पिवळसर साय धरते. तो पू नव्हे, खरवडू नकोस. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात. या काळात उघडा पडलेला भाग कपड्याच्या नुसत्या स्पर्शानेही हुळहुळतो. व्हॅसलीन आणि मऊ सुती कापड यांवर माझे पंधरा दिवस निघाले.

बसून करायच्या कामावर मी पाचव्या दिवशी गेलो, आणि तिथपर्यंत सारे ठीक होते. माझा आगाऊपणा बाराव्या दिवशी भोवला. दुखत नाही म्हणजे बरे झालो, असे समजून मी पुस्तकांचे कपाट सरकवले. दोन टाके सुटले आणि तेवढी जागा भरायला आणखी दोन आठवडे गेले. कातडी वरून मिटली तरी आतून कच्ची असते. म्हणून जड उचलणे आणि सायकल महिनाभर नको, आणि शरीरसंबंध व हस्तमैथुन पूर्ण सहा आठवडे नको. हे सहा आठवडे पत्नीला आधीच सांगून ठेव, म्हणजे तुटकपणाचा गैरसमज होणार नाही.

सुख कमी होईल का, हे तू विचारले नाहीस, पण मनात असणारच. कुणाला संवेदना कमी झाल्यासारखी वाटते, कुणाला काहीच फरक जाणवत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर सुरुवातीला वेगळे वाटले, पुढे वेगळेपणही विसरलो, आणि चिरांच्या भीतीशिवाय जवळ जाता येणे ही माझ्या लेखी मोठी भरपाई ठरली. सुंतेमुळे एड्सपासून संरक्षण मिळते असे कुठे कुठे वाचायला मिळते, त्यात तथ्य आहे: दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून शिफारसही केली. पण संरक्षण अर्धवटच, कंडोमची जागा ते घेत नाही; आणि आपले कारण मुळात वेगळे आहे.

रक्ताचे दोन-चार डाग पडले तर घाबरू नकोस. रक्त वाहू लागले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, घट्ट दाबून धर. तरीही थांबले नाही तर थेट रुग्णालय गाठ. ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधीचा पू, लघवी अडकणे किंवा टोक निळे-काळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नकोस.

तारीख ठरली की कळव. पहिल्या दोन-तीन रात्री फोन उशाशी घेऊन निजेन. तीन वाजता जाग आली तर खुशाल लाव, पाढा दोघे मिळून म्हणू.

तुझा,
मूळव्याध कधीच न झालेला मित्र