टक्के कशाचे, तेही छापा की

संपादक साहेब, नमस्कार,

कोचिंगवरच्या तुमच्या बातमीत पास झालेल्यांत बहुतेक कोचिंगवाले असं छापलं आणि इथे रामबागेत लगेच फी विचारायला पालकांची धावपळ. अहो पण समजा पास झालेल्यांत ७० टक्के कोचिंगवाले आणि नापासांतही ७० टक्केच, तर संबंध कुठे राहिला? आडवं कोचिंग हो-नाही, उभं पास-नापास, असा चार खान्यांचा तक्ता द्या, प्रत्येक ओळीचे टक्के वेगळे काढा, सारखे आले तर संबंध नाही.

नुसते आकडे फसवतात. बुडालेल्या टायटॅनिक जहाजाचंच बघा, पहिल्या वर्गातले साधारण २०० वाचले, तिसऱ्यातले १८०, वाटतं फारसा फरक नाही, पण त्या-त्या वर्गातल्या एकूण प्रवाशांपैकी टक्के काढले तर ६२ आणि २५!

आता थोडाफार फरक योगायोगानेही येतो, तो योगायोग की खरा फरक हे तपासायला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं १९०० मध्येच काय-स्क्वेअर टेस्ट दिलीय, ती छापा असं कोण म्हणतंय, पण किती पोरांना विचारलं एवढं तरी लिहा. आणि पैसेवाल्या घरची पोरंच कोचिंगला जास्त जात असतील तर श्रेय कोणाचं, हेही रिपोर्टरला विचारा.

एक रिटायर्ड गणित शिक्षक, इंदूर