रविवारची माळशेज राइड: स्पेअर घेऊनच या

मंडळी, रविवारी पहाटे 5 वाजता तीन हात नाक्यावर जमायचं आहे. पेट्रोल आदल्या रात्रीच भरा. मुरबाडपर्यंत गॅरेज सापडेल. टोकावडे मागे पडून घाट लागला की धुक्यात मेकॅनिक कुठून आणणार?

मागच्या राइडला माझीच क्लच केबल लिव्हरपाशी तुटली. आठवडाभर तिथल्या दोन-तीन तारा सुटलेल्या दिसत होत्या, मी आपला 'चालतंय की' म्हणत राहिलो. आता नवी केबल जुन्या केबलला लागूनच ओढून टाय मारून ठेवली आहे. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. तुम्हीही तसंच करा. केबल आपल्याच मॉडेलची घ्या, दुसऱ्याची लांबीला जुळत नाही.

ट्यूबवाल्यांनी ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप आणावा. दोन्ही चाकांचा साइझ वेगळा असेल आणि जागा एकाच ट्यूबची असेल, तर पुढची घ्या; अडीअडचणीला मागच्या चाकात भरून हळूहळू गावापर्यंत येता येतं. ट्यूबलेसवाल्यांना पंक्चर किट आणि पंप पुरे.

शिवाय स्पार्क प्लग, त्याचा पाना, चेनलॉक (कुलूप नव्हे, चेनची दोन टोकं जोडायची सुटी कडी) आणि फ्यूज. फ्यूज त्याच अँपिअरचा हवा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचा जुगाड नको, वायरिंग जळतं.

कोण काय आणतंय ते शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका. चार पंप आणि प्लगचा पाना एकाकडेही नाही, असं आपल्याकडे झालेलं आहे.