सांगायचे ते लपवले, लपवायचे ते दाखवले : आगामी विज्ञानपटाच्या प्रसिद्धीबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख,
प्रसिद्धी व वितरण विभाग

विषय : चित्रपट हा ‘पहिला भाग’ असल्याचे न सांगता केलेली तिकीटविक्री आणि दुसऱ्या ट्रेलरमध्ये फोडलेले रहस्य

महोदय / महोदया,

आपल्या आगामी विज्ञानपटाचे आगाऊ बुकिंग सुरू झाले त्याच दिवशी मी घरच्यांची आणि मित्रमंडळींची मिळून पहिल्या दिवसाच्या पहिल्या शोची तिकिटे काढली. पुढे काही दिवसांनी दिग्दर्शकांच्या एका मुलाखतीतून कळले, की चित्रपट मूळ कादंबरीच्या मध्यावर थांबतो. उरलेली गोष्ट दुसऱ्या भागात येणार, आणि तो भाग काढायचा की नाही हे या भागाच्या कमाईवर ठरणार. ‘पहिला भाग’ हे दोन शब्द पोस्टरवर नाहीत, एकाही ट्रेलरमध्ये नाहीत, तिकीट काढताना समोर येणाऱ्या माहितीतही नाहीत. तिथे चित्रपटाची लांबी आहे, भाषा आहे, प्रमाणपत्र आहे, कलाकारांची नावे आहेत. गोष्ट अर्धी आहे एवढेच नाही.

ग्राहक सेवा विभागाला मी हे कळवले. “आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत, चित्रपट आपल्याला नक्की आवडेल,” असे उत्तर आले आणि तक्रार निकाली निघाल्याची नोंदही झाली. चित्रपट आवडेल की नाही, हा माझा प्रश्नच नव्हता. म्हणून हे सविस्तर पत्र थेट आपल्या विभागाला लिहिते आहे.

मोठी कादंबरी दोन भागांत करायला माझी मुळीच हरकत नाही. उलट, एवढा पसारा अडीच तासांत कोंबला असता तर वाईट वाटले असते. हरकत आहे ती न सांगण्याला. १९७८ साली राल्फ बक्षी यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा ॲनिमेशनपट केला. त्यांना तो ‘पहिला भाग’ म्हणूनच आणायचा होता, पण वितरकांनी ते शब्द गाळले. अर्ध्या चित्रपटाला लोक पूर्ण पैसे देणार नाहीत, अशी भीती होती. प्रेक्षक पूर्ण गोष्ट समजून गेले आणि ती मध्येच तुटल्यावर चिडून बाहेर आले. बक्षी यांचा दुसरा भाग कधीच झाला नाही. २०२१ च्या ‘ड्यून’च्या वेळी पोस्टरवर नुसते ‘ड्यून’ होते, ‘पहिला भाग’ हे शब्द पडदा उजळल्यावर दिसले. तिथे निभावले. अमेरिकेत चित्रपट २२ ऑक्टोबरला लागला आणि २६ तारखेला दुसऱ्या भागाला मंजुरी मिळाली. पण ते चार दिवस कादंबरीच्या वाचकांनी जीव मुठीत धरून काढले. आपण आम्हाला त्याच जागी आणून बसवले आहे, आणि आमच्यातल्या बहुतेकांना आपण कुठे बसलो आहोत याचा पत्ताही नाही.

आता ट्रेलरविषयी. हा भाग मला जास्त लागला आहे.

आपला पहिला टीझर उत्तम होता, हे आधी मोकळेपणाने सांगते. त्यात एकही संवाद नव्हता. यानातला एक लांबच लांब बोळ, छतावरचे दिवे एकेक करून लागत जातात, कुणाचा तरी श्वास ऐकू येतो, आणि शेवटचा दिवा लागायच्या आत पडदा काळा होतो. भिंतीवर हाताने कोरलेल्या रेघा क्षणभरच दिसतात. कादंबरी वाचलेल्यांना त्या रेघा म्हणजे काय हे लगेच उमगले, न वाचलेल्यांना ते विचारावेसे वाटले. माझ्या भाचीने कादंबरीला हातही लावला नव्हता. टीझर पाहून तिने ती माझ्याकडून मागून नेली. चित्रपटाची जाहिरात यापेक्षा आणखी काय करू शकते?

मग दुसरा ट्रेलर आला. कादंबरीत ज्या बंद दारामागे काय आहे हे कळायला वाचकाला तीनशेहून अधिक पाने जावे लागते, ते दार या ट्रेलरमध्ये सताड उघडते. आत काय आहे ते दिसते. कमी पडू नये म्हणून नायिकेच्या तोंडी ते एका वाक्यात सांगूनही टाकले आहे. ते वाक्य मी या पत्रात लिहीत नाही, कारण हे पत्र आपल्याकडे ज्या कुणाच्या हाती पडेल त्यानेही कदाचित चित्रपट पाहिला नसेल, आणि त्याचा तो आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. एवढी काळजी आपल्या विभागाने घ्यायला हवी होती.

यावर ‘नको असेल तर ट्रेलर पाहू नका’ असे कुणी म्हणेल. घरी ते जमते. पण हाच ट्रेलर सध्या दुसऱ्या चित्रपटांच्या आधी सिनेमागृहात दाखवला जातो. दिवे गेलेले असतात, आवाज चारी बाजूंनी येतो, उठून जावे तर ओळीतल्या सगळ्यांना उठवावे लागते. मी डोळे मिटून घेतले, तरी ते वाक्य कानावर पडलेच. माझ्या शेजारी बसलेल्या आणि कादंबरी न वाचलेल्या मित्राला तर सगळे आयतेच कळले. ज्या धक्क्यासाठी त्याला मी या चित्रपटाला नेणार होते, तो धक्का जाहिरातीत खर्ची पडला.

ही चूक नवी नाही, म्हणूनच ती पुन्हा होताना पाहून राग येतो. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’ची सुरुवात अशी बेतली आहे, की भविष्यातून आलेल्या दोन आगंतुकांपैकी जॉन कॉनर या मुलाला मारायला कोण आला आणि वाचवायला कोण, हे त्या मॉलमधल्या बोळातल्या गोळीबारापर्यंत कळू नये. जाहिरातींनी ते महिनोन् महिने आधीच सांगून टाकले होते. २०१५ च्या ‘टर्मिनेटर जेनेसिस’मध्ये तर याच जॉन कॉनरचे मोठेपणी काय होते, हा कथेतला सर्वांत मोठा उलटफेर ट्रेलरमध्येच दाखवला गेला. दिग्दर्शक ॲलन टेलर यांनी त्याबद्दलची नाराजी नंतर उघड बोलून दाखवली. दिग्दर्शकाने महिने घालून रचलेला क्षण प्रसिद्धीवाल्यांनी परस्पर उधळावा, हे आपल्या चित्रपटाबाबतही घडले आहे.

आणि ज्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही, ते मात्र आपण झाकून ठेवले आहे. कादंबरीचे पूर्ण नाव कापून एका शब्दावर आणले. पोस्टरवर लेखिकेचे नाव शोधावे लागते. अगदी तळाशी, श्रेयनामावलीच्या बारीक अक्षरांत ते सापडते. वर नायकाचा अर्धा चेहरा, मागे ज्वाळा, हातात शस्त्र. यान नाही, तारे नाहीत, पिढ्यान् पिढ्यांचा तो प्रवास नाही. हे पोस्टर कुठल्याही मारधाडपटाला चालले असते. विज्ञानकथा म्हटले की सामान्य प्रेक्षक बिचकेल, असा आपला अंदाज असावा.

हाच अंदाज २०१२ मध्ये ‘जॉन कार्टर’ला भोवला. एडगर राइस बरोज यांची मूळ कथा १९१२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली होती, म्हणजे चित्रपट आला ते तिचे शताब्दी वर्ष. पुढच्या कितीतरी अंतराळकथांनी या कथेतून उचल केली. हे ठासून सांगायची आयती संधी होती. त्याऐवजी ‘जॉन कार्टर ऑफ मार्स’ या नावातला मंगळच काढून टाकला. ‘जॉन कार्टर’ एवढ्यावरून हा कोण, कुठला, काहीच कळेना. ट्रेलर पाहून लोकांना वाटले, हे सगळे आधी पाहिलेले आहे. ज्याच्यावरून इतरांनी घेतले तोच नक्कल ठरला. अखेर चाहत्यांनी स्वतः ट्रेलर जुळवून लोकांसमोर ठेवला आणि दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी त्याचे कौतुक केले. चित्रपट ९ मार्चला लागला आणि त्याच महिन्यात निर्माती कंपनी डिस्नेने सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा होईल असे जाहीर केले. तोट्याला इतरही कारणे असतील, पण चित्रपट नेमका कशाचा आहे हे लोकांपर्यंत पोहोचलेच नव्हते, यात मला शंका नाही.

उलट उदाहरणेही आपल्याच व्यवसायात आहेत. ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ ला अवघ्या ३२ सिनेमागृहांत लागला, पण त्याच्या आधीच कादंबरी बाजारात आली होती, कॉमिक आले होते, आणि १९७६ मध्येच सॅन डिएगोच्या कॉमिक संमेलनात जाऊन विज्ञानकथेच्या वाचकांना चित्रपटाची ओळख करून दिली होती. ज्यांना ही गोष्ट सर्वांत आधी आवडणार, त्यांच्याकडे आधी जायचे, हा साधा हिशेब होता. ‘अवतार’च्या वेळी २१ ऑगस्ट २००९ रोजी, प्रदर्शनाच्या चार महिने आधी, निवडक सिनेमागृहांत सुमारे पंधरा मिनिटांचे चित्रण फुकट दाखवले. उत्तरार्धाला हात न लावता प्रेक्षकांना त्या जगात नुसते फिरवून आणले. ज्याला पाहायचे होते तो आपणहून गेला, ज्याला नको होते त्याच्या कानावर काही आदळले नाही.

माझी खरी काळजी तिकिटाच्या पैशांपुरती नाही. हा चित्रपट पडला, तर ‘लोकांना विज्ञानपट नको असतात’ असा निष्कर्ष आपल्याच कार्यालयात निघेल. प्रसिद्धी कशी केली होती हे तेव्हा कुणी आठवणार नाही. दुसरा भाग रद्द होईल, आणि इतकी वर्षे ज्या कथेचे हक्क या हातातून त्या हातात फिरत राहिले, तिला पुन्हा कुणी हात लावणार नाही. पहिल्या टीझरवरून दिसते, की हा चित्रपट कादंबरी नीट समजलेल्या माणसांनी केला आहे. त्यांच्या कामावर अशी पाळी येऊ नये.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. पोस्टर, ट्रेलर आणि बुकिंगच्या पानावर ‘पहिला भाग’ हे शब्द ठळक दिसतील असे तातडीने टाका. हे न सांगता ज्यांना तिकिटे विकली गेली, त्यांच्यापैकी ज्यांना हवे असतील त्यांना पूर्ण पैसे परत करा, त्यात सेवाशुल्कही आले. दुसरा ट्रेलर निदान सिनेमागृहांतून काढा आणि त्या जागी पहिला टीझर लावा. तो तयारच आहे, त्याला नवा खर्च नाही. लेखिकेचे नाव आणि कादंबरीचे पूर्ण नाव पोस्टरवर वाचता येईल अशा अक्षरांत छापा. जमले तर सुरुवातीची दहा मिनिटे, दारापर्यंत न पोहोचणारी, काही ठिकाणी आधी दाखवा. कादंबरीचे वाचक त्यांच्या ओळखीच्या माणसांना घेऊन येतील, याची मला खात्री आहे.

माझी तिकिटे मी रद्द केलेली नाहीत आणि मला त्यांचे पैसेही परत नकोत. पण ज्यांना मी सोबत नेणार आहे त्यांना गोष्ट मध्येच थांबते हे आता मलाच सांगावे लागणार आहे, जे आपण सांगायला हवे होते. या पत्राला प्रदर्शनाच्या तारखेआधी उत्तर द्यावे, आणि वरील प्रत्येक मागणीवर काय निर्णय झाला ते त्यात लिहावे, ही विनंती. बुकिंगची पावती, पोस्टरचे छायाचित्र आणि ग्राहक सेवा विभागाचे उत्तर सोबत जोडले आहे.

आपली,
एक प्रेक्षक आणि तिकीटधारक ग्राहक